हक्क, माप आणि गुण : भीमेच्या खोऱ्यातील पाण्याचा इतिहास

आषाढी एकादशीच्या आधी उजनी धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडले जाते. वारकऱ्यांना चंद्रभागेत स्नान करता यावे, हा त्यामागील हेतू. पंढरपुरापाशी भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून ती चंद्रभागा, ही व्युत्पत्ती आपल्या परिचयाची आहे. मात्र ज्या पाण्यात हे स्नान घडते, ते पात्रात कोठून येते आणि येताना काय घेऊन येते, हा प्रश्न आपल्या साहित्यविचारात क्वचितच उपस्थित होतो. भीमाशंकरच्या डोंगरातून निघणारी ही नदी सुमारे ८६० किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. मराठी भक्तिपरंपरेची देहू, आळंदी आणि पंढरपूर ही तिन्ही केंद्रे तिच्या एकाच खोऱ्यात आहेत. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पुण्यातून आलेली मुळा-मुठा त्याखाली रांजणगाव सांडसजवळ मिळते. आणि हे सारे पाणी उजनीच्या जलाशयात साठून पुढे पंढरपूरला जाते. पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, तसे आळंदीचे पाणीही पंढरपूरला जाते. या दुसऱ्या प्रवासाचा इतिहास लिहिण्याची गरज आहे.

प्रस्तुत लेखात हा इतिहास तीन प्रश्नांच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न आहे. पाणी कोणाचे? पाणी किती? आणि पाणी कसे? पहिला प्रश्न हक्काचा, दुसरा मापाचा, तिसरा गुणाचा. पहिल्या दोन प्रश्नांना मराठी लेखनाने आणि मराठी समाजकारणाने मोठी जागा दिली. तिसऱ्याला दिली नाही. त्याची कारणे काही अंशी आपल्या भाषेतच सापडतात, असे मला वाटते.

१.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुण्यासाठी कात्रज येथे तलाव बांधले गेले आणि तेथून बंदिस्त दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. या योजनेची रचना विचारपूर्वक केलेली होती. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी पुढे जावे, अशी व्यवस्था होती. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उभ्या विहिरींसारखी बांधकामे होती. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. त्यांतून हवा खेळे, पाण्याचा दाब मोकळा होई आणि साचलेला गाळ उपसता येई. शहरात हे पाणी हौदांत पडे. म्हणजे पाणी ‘कसे’ आहे, याची जाण त्या काळच्या कारागिरांना निश्चितपणे होती. मुठा नदी शहराला लागून वाहत असतानाही पिण्याच्या पाण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी जाणे, यातच ती जाण दिसते.

परंतु हौदावर पोहोचलेल्या पाण्याला लगेच दुसरी कसोटी लागत होती. ते कोणी भरायचे? हौदातल्या पाण्याची शुद्धता त्यात गाळ किती यावरून ठरत नव्हती, ते कोणाच्या हाताने घेतले यावरून ठरत होती. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातील ही घटना कात्रजच्या नळाइतकीच महत्त्वाची आहे. पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही अभियांत्रिकी कामाने जो बदल घडवला नव्हता, तो या एका कृतीने घडवला.

याच सूत्राचा पुढचा टप्पा भीमेच्या खोऱ्याबाहेर, सह्याद्रीपलीकडे महाडला घडला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. पंचगव्याचे घडे तळ्यात ओतले गेले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर शेण, गोमूत्र, दूध आणि दही पाण्यात मिसळणे म्हणजे त्यात सेंद्रिय पदार्थ वाढवणे. पाणी त्याने घाण होते. ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन शब्द आपल्याकडे किती वेगळ्या वाटांनी चालत आले, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. एका शब्दाने माणसांची प्रतवारी केली. दुसरा शब्द घरापुरता आणि अंगणापुरता उरला. पाण्याच्या गुणाची चर्चा करावयाची तर शब्द शुद्धीचेच हाती येतात, आणि ते शब्द आधीच जातीने भरलेले असतात. फुले-आंबेडकरांनी हा शब्दच प्रश्नांकित केला. ते कार्य ज्या दिशेने झाले, ती दिशा हक्काची होती आणि तसेच असणे न्याय्य होते. परंतु त्यातून निघणारा पुढचा प्रश्न, म्हणजे सर्वांना खुले झालेले पाणी सर्वांच्या पिण्यायोग्य आहे का, हा आपल्यासाठी शिल्लक राहिला.

पंढरपुरातही हीच दुहेरी परिस्थिती होती. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण करेपर्यंत मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांनी यात्रांकडे पटकीच्या प्रसाराचे केंद्र म्हणून पाहिले आणि पंढरपूरही त्यांच्या नजरेत होते. त्या दृष्टीत वसाहतवादी तिरस्कार होता, हे खरे. पण पटकीचा जंतू पाण्यातून जातो, हेही खरे होते. आपण तिरस्कार ओळखला आणि त्यासोबत पाण्याचा मुद्दाही बाजूला ठेवला, असे म्हणावे लागेल.

२.

मापाचा इतिहास धरणांचा इतिहास आहे. मुठेवर खडकवासला येथे १८६९ ते १८७९ या दशकात दगडी धरण उभे राहिले. ज्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ते झाले, त्या फाइफ यांच्या नावाने जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. १८७६-७८ चा भीषण दुष्काळ याच काळातला. पुणे व लष्कर छावणीला पाणी आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखाला कालवा, असा या धरणाचा दुहेरी हेतू होता. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी येथे आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यांमुळे मूळ भिंत न वाढवता अधिक पाणी अडवता आले.

१८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी पाण्याचा जो विचार मांडला, तो या मोठ्या धरणांच्या विचाराला समांतर असूनही वेगळा आहे. पावसाबरोबर वाहून जाणारा सुपीक गाळ शेतातच मुरावा म्हणून जागोजागी ताली-बंधारे घालावेत, तळी-तलाव दुरुस्त करावेत, असे ते सुचवतात. यालाच आज आपण पाणलोट क्षेत्र विकास म्हणतो. साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘असूड’ सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून शिकवला जातो, ते योग्यच आहे. पण तो माती आणि पाणी यांच्या संबंधाचाही ग्रंथ आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले जावे.

विसाव्या शतकात भीमेच्या खोऱ्याचे माप दोन बाजूंनी बदलले. एकीकडे घाटमाथ्याचे पाणी पश्चिमेकडे वळवले गेले. टाटांची खोपोलीची वीजनिर्मिती १९१५ मध्ये, भिवपुरीची १९२२ मध्ये आणि भिऱ्याची १९२७ मध्ये सुरू झाली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले आणि त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तो लढा बुडणाऱ्या जमिनीचा होता. पण त्या धरणाचा आणखी एक परिणाम असा की, पूर्वेकडे वाहणाऱ्या पाण्याचा एक भाग कायमचा कोकणात उतरला. नदीतील पाणी कमी झाले की तिची मैला पातळ करण्याची शक्तीही कमी होते. मापाचा प्रश्न असा गुणाच्या प्रश्नात शिरतो.

दुसरीकडे धरणांची साखळी वाढत गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुणे वाहून गेले. या घटनेची स्मृती मराठीत लेखांतून, आठवणींतून आणि घराघरांतल्या सांगण्यातून टिकून आहे. धरणे पुन्हा बांधली गेली, वरसगाव व टेमघरची भर पडली. शहर वाढले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहती आल्या. वरच्या धरणांतून स्वच्छ पाणी घ्यायचे आणि वापरलेले पाणी खाली सोडायचे, ही व्यवस्था रूढ झाली. पावसाळा सोडल्यास मुळा-मुठेच्या पात्रात आज जे वाहते, त्यातील मोठा भाग धरणातून आलेला नसून शहराच्या गटारांतून आलेला असतो.

३.

भीमेवरचे उजनी धरण १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला ‘यशवंतसागर’ नाव आहे. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातील सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठा आणि सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. कालव्याच्या पातळीखाली राहणारे मृत पाणी जिवंत पाण्यापेक्षा अधिक, अशी ही रचना आहे. वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे चाळीस टक्के’ अशा बातम्या येतात, त्याचा अर्थ मृतसाठ्याला हात लागला आहे एवढाच.

या आकड्यांचा पाण्याच्या गुणाशी थेट संबंध आहे. वाहती नदी स्वतःला काही प्रमाणात स्वच्छ करते. खडकावर आपटताना पाण्यात प्राणवायू मिसळतो, जिवाणू सेंद्रिय मैला खातात, काठच्या वनस्पती गाळ अडवतात. साठलेल्या, उथळ आणि उन्हाने तापणाऱ्या जलाशयात हे गणित उलटते. सांडपाण्यातून आणि शेतातील खतांतून आलेले नत्र व स्फुरद तेथे साचते. पाण्याला पोषण जास्त मिळते आणि शैवाल माजते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते. दिवसा हे शैवाल प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते; मेल्यावर कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. मासे मरतात, आणि जे तग धरतात ते चिलापीसारखे बाहेरून आलेले, काटक मासे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मुळा-मुठेत वाढते आणि पुरासोबत खाली जाते. जलपर्णी हा रोग असल्यासारखे आपण बोलतो. वस्तुतः ती लक्षण आहे. पाण्यात खत नसते तर ती इतकी वाढली नसती.

कायद्याने या गुणाचे माप ठरवले आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध आपला कायदा १९६९ मध्ये केला, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. म्हणजे महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. केंद्रीय मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. ‘स्नान’ हा शब्द येथे तांत्रिक वर्गवारीत आला आहे, हे लक्षणीय आहे. परंपरेतले स्नान आणि प्रयोगशाळेतले स्नान या एका शब्दात प्रथमच समोरासमोर येतात. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी दिली, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. २०२२ च्या यादीत ३११ पैकी ५५. दोन्ही वेळा महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. ज्या राज्याने कायदा आधी केला, त्याच राज्याच्या वाट्याला हा क्रमांक यावा, यातून कायदा आणि व्यवहार यांतील अंतर कळते.

उपाय झाले नाहीत असे नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याने ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केली. पंढरपुरात वाळवंटातील राहुट्यांचा आणि हाताने मैला साफ करण्याच्या अमानुष प्रथेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि वारकऱ्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ तयार झाला. पण खोऱ्याचा नियम साधा आहे. खालच्या गावाने कितीही घाट धुतले, तरी त्याच्या पाण्याचा गुण वरचे शहर ठरवते. अलीकडच्या वर्षांत वारीच्या तोंडावर आळंदीच्या इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसला, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. साबण-डिटर्जंटमधील द्रव्ये आणि कारखान्यांचे सांडपाणी यांचा तो फेस. त्यावर हळहळ व्यक्त झाली ती तीर्थाची विटंबना म्हणून. तेच पाणी पुढे उजनीत जाते, त्या जलाशयातून सोलापूरसारखे शहर आणि काठची गावे पाणी पितात, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

४.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या चिखलात आणि उथळ पाण्यात त्यांना सूक्ष्म जीव व शैवाल मिळते. त्याच ओसरलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की बुडालेल्या पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते. विस्थापितांचे गाव, मच्छीमारांचे पाणी, शेतकऱ्यांचा गाळ आणि पाहुण्या पक्ष्यांचे खाद्य हे सारे एकाच जागेवर आहे. पक्ष्यांची संख्या पाहून पाणी चांगले आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. शैवाल वाढल्याने काही पक्ष्यांचे काही काळ फावते. त्याच शैवालाने माशांचा जीव जातो.

ही जागा पाणथळ आहे का? डोळ्यांना तर आहे. १९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित जलाशयही पाणथळांत धरले. भारत त्या करारात १९८२ मध्ये सामील झाला. गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर हे मानवनिर्मित बंधाऱ्याने तयार झालेले पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पण भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचे मुख्य पात्र वगळले आहे, आणि सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशयही वगळले आहेत. २०१० च्या आधीच्या नियमांच्या व्याख्येत जलाशयांचा उल्लेख होता. २०१७ मध्ये तो गेला. परिणामी या नियमांपुरते बोलायचे तर भीमेचे पात्र पाणथळ नाही आणि उजनीही नाही. एका व्याख्येने एवढे मोठे पाणी शब्दाबाहेर गेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे विशेष सांगण्याची गरज नसावी की, व्याख्या निरुपद्रवी नसतात. चवदार तळे ‘सार्वजनिक’ आहे की ‘खासगी’ या एका शब्दावर महाडचा खटला वर्षानुवर्षे चालला होता.

५.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत पाण्याचे शब्द विपुल आहेत. डोह, कोंड, डुरा, झरा, पाणवठा, उतार, बंधारा, पाट, चर, लवण, पाणथळ. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील खळग्यांना लोकांनी रांजणखळगे हे नेमके नाव दिले. हे शब्द ज्यांनी घडवले, त्यांचे पाणी पाहणे बारकाईचे होते. मात्र लिखित साहित्यात नदी आली ती बहुधा आई म्हणून, तीर्थ म्हणून, किंवा काळाचा प्रवाह म्हणून. काकासाहेब कालेलकरांनी नद्यांना ‘लोकमाता’ म्हटले आणि त्या नावाने मराठी मनाची घडण केली. माता या कल्पनेत कृतज्ञता आहे. पण आई सर्व सहन करते, तिला काही बाधत नाही, असे गृहीतकही तिच्यात दडलेले असते. गंगा कधी मळत नाही, ही समजूत नदीत मैला सोडणाऱ्याला नकळत अभय देते.

संतांच्या रचनांत याहून वेगळी सामग्री आहे. परंपरा सांगते की, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या. ही कथा आपण शब्दाच्या अमरत्वाची म्हणून वाचतो. ती पाण्याच्या साक्षीची कथाही आहे. जातिव्यवस्थेने नाकारलेले लेखन नदीने परत केले. तुकोबांचा लव्हाळाही असाच. पुरात झाडे जातात आणि लव्हाळे टिकते, हा दृष्टान्त नम्रतेचा म्हणून शिकवला जातो. पण तो आधी नदीकाठ पाहिलेल्या माणसाचा अनुभव आहे. लव्हाळे पुराला वाकते, मुळांनी काठ धरते, पाण्याचा वेग मंद करते, गाळ खाली बसवते, आणि त्याच्या मुळांवरचे जिवाणू मैल्याचे विघटन करतात. नदीकाठ दगड-काँक्रीटने बांधून काढला, की सर्वांत आधी हे लव्हाळे जाते. २०२२ मध्ये पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा काठावरची झाडी आणि पाणथळ तुकडे यांवरून जो वाद झाला, तो या अर्थाने तुकोबांच्या दृष्टान्ताचा वाद होता. दृष्टान्तातील वस्तू नष्ट झाल्यावर दृष्टान्त पाठ्यपुस्तकात उरतो. पण तो वाचणाऱ्या मुलाला लव्हाळे म्हणजे काय, हे टीपेत सांगावे लागते.

दलित साहित्याने पाणवठ्याला मराठी साहित्याच्या मध्यभागी आणले. वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेण्याचा अनुभव तेथे आला. ग्रामीण साहित्याने दुष्काळ आणि धरणग्रस्तांचे विस्थापन आणले. हक्क आणि माप ही दोन सूत्रे अशी समर्थपणे लिहिली गेली. गुणाचे सूत्र लिहिताना या दोन्ही परंपरा सोडून चालणार नाही. कारण घाण पाणी सर्वांना सारखे मिळत नाही. वरच्या धरणाचे पाणी शहराला नळाने जाते. खालचे पाणी दौंड, इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूरला जाते. काठावरचा मच्छीमार आणि कोळीण, गाळपेर करणारा विस्थापित, वाळवंटात स्नानाला उतरणारा वारकरी यांना ते अंगावर घ्यावे लागते. गटारात उतरून ते पाणी वाहते ठेवणाऱ्या माणसाची जात आजही विचारावी लागत नाही. म्हणजे गुणाचा प्रश्न अखेर हक्काचाच प्रश्न आहे. हौद खुला करण्याच्या लढ्याचे पुढचे पाऊल हौदात काय आहे हे विचारणे, हेच असू शकते.

‘शुद्ध’ हा शब्द वापरताना आपण हे दोन्ही अर्थ लक्षात ठेवावेत, एवढीच या लेखाची मागणी आहे. एका अर्थाने त्या शब्दाने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले. दुसरा अर्थ, म्हणजे लिटरमधील मिलिग्रॅमचा अर्थ, अजून आपल्या साहित्याच्या भाषेत रुळलेला नाही. आषाढीला उजनीतून पाणी सुटते तेव्हा आळंदीची इंद्रायणी, पुण्याची मुठा आणि पिंपरीची पवना एकत्रच पंढरपूरला पोहोचतात. वारीच्या वर्णनांत पाणी टाळ-मृदंगाइतकेच वारंवार येते. त्यातल्या एखाद्या वर्णनात या तीन नद्यांची नावे आली आणि त्यांनी वाटेत काय गोळा केले हेही आले, तर तिसऱ्या प्रश्नाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.